सक्तीचें ऐक्य आणि शोधक बुद्धि

थॉमस मोर या इंग्रज विद्वानानें १५१६ सालीं ‘यूटोपिया’ नांवाचें एक लहानसें लॅटिन पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत एका कल्पित बेटाचें वर्णन आहे. त्या बेटावर ५४ शहरें असून सर्वांची भाषा, रीतिरिवाज आणि कायदे एकसारखे आहेत. घरांच्या दारांना कुलुपें नाहींत. दर १० वर्षांनीं चिठ्ठ्या टाकून घरांची अदलाबदल करावयाची. सर्वांचा पोशाख एकाच धाटणीचा. आणि दुसऱ्या गांवीं जावयाचें झालें तर अधिकाऱ्याचा परवाना पाहिजे. मोरला हें सारें कितपत मनापासून हवें होतें, याविषयीं पंडितांत अद्यापि वाद आहे. परंतु मनुष्याच्या दुःखाचें मूळ ‘माझें’ या एका शब्दांत आहे, तो शब्द काढून टाकला म्हणजे पृथ्वीवर सुखाचें राज्य अवतरेल, ही कल्पना पुढें ४०० वर्षें अनेक सज्जनांच्या मनांत घर करून राहिली.

याच कल्पनेची दुसरी बाजू दाखविणाऱ्या कथा विसाव्या शतकांत लिहिल्या गेल्या. इंग्रजींत अशा कथांना ‘डिस्टोपिया’ म्हणतात. मराठींत त्यांना दुःस्वप्ननगरीच्या कथा म्हणण्यास हरकत नाहीं. जॉन स्टुअर्ट मिल्ल यानें १८६८ सालीं पार्लमेंटांतील एका भाषणांत सरकारपक्षाला टोमणा मारतांना या जातीचा शब्द योजिला होता. अतिशय चांगलें म्हणून व्यवहारांत न येणारें तें यूटोपिया, आणि अतिशय वाईट म्हणून व्यवहारांत न येणारें तें त्याच्या उलट, असा त्याचा आशय होता. मिल्लला जें व्यवहारांत येणार नाहीं असें वाटलें, तें पुढच्या शतकानें पुष्कळसें व्यवहारांत आणून दाखविलें.

या कथांत व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा बळी जातो हें सर्वश्रुत आहे. तथापि त्यांत आणखी एक पात्र पुनः पुनः येतें, आणि त्याच्याकडे वाचकांचें लक्ष थोडें कमी जातें. तें पात्र म्हणजे संशोधक. एका कथेंत तो आकाशयान बांधणारा इंजिनिअर आहे, दुसरींत विजेचा दिवा लावणारा झाडूवाला आहे, तिसरींत शास्त्र सोडून राज्यकर्ता झालेला पदार्थविज्ञानवेत्ता आहे. स्वातंत्र्य गेलें म्हणजे काव्य जातें, प्रेम जातें, हें कोणीहि सांगेल. त्यांच्यामागोमाग घरांतला दिवाहि जातो, हें या लेखकांनीं ओळखलें होतें.

या परंपरेंतील आद्य कादंबरी येव्गेनी झाम्यातिन या रशियन लेखकाची. झाम्यातिन १८८४ सालीं जन्मला. पेशानें तो जहाजबांधणीचा इंजिनिअर. विद्यार्थिदशेंत तो बोल्शेव्हिक पक्षांत होता आणि झारच्या राजवटींत त्याला तुरुंगवासहि घडला. १९१६ सालीं बर्फ फोडणाऱ्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख करण्यासाठीं त्याला इंग्लंडांत पाठविण्यांत आलें. १९१७ च्या सप्टेंबरांत तो मायदेशीं परतला आणि लवकरच बोल्शेव्हिक क्रांति झाली. १९२० च्या सुमारास त्यानें ‘आम्ही’ ही कादंबरी लिहिली. यंत्राचा द्वेष किंवा जुन्या राजवटीचा लोभ अशा कोणत्याहि कारणानें ती लिहिली गेली नाहीं, हें त्याच्या या पूर्वचरित्रावरून उघड आहे.

कादंबरींतील ‘एकमेव राज्यां’त माणसांना नांवें नाहींत, अक्षर आणि आंकडा एवढीच त्यांची ओळख. घरें कांचेचीं आहेत, म्हणजे कोणाचें कांहीं लपून राहूं नये. सकाळीं ठराविक क्षणीं लक्षावधि माणसें एकदम उठतात, एकाच क्षणीं चमचा तोंडाशीं नेतात, आणि नेमून दिल्याप्रमाणें प्रत्येक घांस ५० वेळां चावतात. दिवसाचे दोन तास तेवढे खासगी. पुढेंमागें तेहि वेळापत्रकांत बसतील, अशी कथानायक डी-५०३ याला आशा आहे. प्राचीनांच्या वाङ्मयांतील सर्वश्रेष्ठ ग्रंथ कोणता, असें त्याला विचारलें तर तो आगगाडीच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवील. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरनें कारखान्यांतील कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजण्याची पद्धति काढली होती. तिचाहि तो भक्त आहे. टेलरनें आपली युक्ति कामाच्या वेळेपुरतीच ठेवली. या राज्यानें ती अहोरात्र लागू केली.

डी-५०३ हा मोठा गणिती आहे. ‘इंटिग्रल’ नांवाचें आकाशयान तो बांधीत आहे. परग्रहांवर जर जीव असतील तर त्यांनाहि या निर्दोष सुखाच्या कक्षेंत आणावें, हा त्या यानाचा हेतु. अशा या आज्ञाधारक माणसाच्या मनांत लहानपणापासून एकच कांटा रुतलेला आहे: उणे एकचें वर्गमूळ. शाळेंत तें प्रथम सांगण्यांत आलें तेव्हां हा मुलगा रडूं लागला, मेजावर मुठी आपटूं लागला. सर्व कांहीं मोजतां येतें अशा जगांत ही न मोजतां येणारी वस्तु कोठून आली, हें त्याला सोसेना. वस्तुतः याच ‘काल्पनिक’ संख्येच्या साह्यानें विजेच्या प्रवाहाचें पुष्कळसें गणित आज केलें जातें. पुढें आय-३३० नांवाच्या स्त्रीशीं त्याची गांठ पडते. ती त्याला विचारते, ‘तूं गणिती आहेस, तर शेवटची संख्या कोणती, तें सांग.’ शेवटची संख्या असूंच शकत नाहीं, हें त्याला कबूल करावें लागतें. मग शेवटची क्रांति तरी कशी असेल, असा तिचा पुढचा प्रश्न असतो. सर्व प्रश्नांचीं उत्तरें कायमचीं मिळालीं आहेत असें म्हणणाऱ्या राज्याला याहून भयंकर प्रश्न दुसरा नाहीं.

राज्य या प्रश्नाचा बंदोबस्त शास्त्रीय रीतीनें करतें. मेंदूंत कल्पनाशक्तीचें केंद्र कोठें आहे याचा शोध लागतो आणि तें क्ष-किरणांनीं जाळून टाकण्याची शस्त्रक्रिया सर्वांवर सक्तीची होते. शेवटीं डी-५०३ वरहि ती करण्यांत येते. त्यानंतर तो राज्यप्रमुखापुढें जाऊन सर्व हकीकत सांगून टाकतो. जिच्यावर त्याचें प्रेम होतें त्या स्त्रीचा डोळ्यांदेखत छळ होत असतां तो शांतपणें पाहत बसतो. त्याच्या रोजनिशीचें शेवटचें टिपण स्वच्छ, सरळ आणि निर्जीव आहे. कादंबरी येथें संपते. परंतु वाचकाच्या मनांत एक प्रश्न उरतो. हा माणूस यापुढें दुसरें यान बांधूं शकेल काय? कल्पनेचें केंद्र जाळतांना राज्यानें आपला सर्वांत चांगला इंजिनिअरहि जाळला. ज्या शक्तीनें त्याला बंडाकडे नेलें, त्याच शक्तीनें त्यानें यानाचा आराखडा आंखला होता. दोहोंसाठीं मेंदूंत निरनिराळे कप्पे नसतात.

या कादंबरीचें जें झालें तेंहि तिच्याच एखाद्या प्रकरणांत शोभलें असतें. रशियांत ती छापण्यास परवानगी मिळाली नाहीं. १९२४ सालीं न्यूयॉर्क येथें तिचें इंग्रजी भाषांतर निघालें. १९२९ सालीं लेखकाविरुद्ध मोठी मोहीम झाली; त्याचीं नाटकें व पुस्तकें बंद पडलीं. १९३१ सालीं त्यानें खुद्द स्टॅलिनला पत्र लिहून देश सोडण्याची अनुज्ञा मागितली आणि गॉर्कीच्या मध्यस्थीनें ती मिळाली. १९३७ सालीं पॅरिस येथें त्याचा अंत झाला. ‘आम्ही’ त्याच्या मायदेशांत प्रसिद्ध झाली ती १९८८ सालीं, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर ५१ वर्षांनीं.

या कादंबरीच्या नांवाविषयीं मराठी वाचकाला विचार करण्यासारखें कांहीं आहे. रशियन भाषेंत व इंग्रजींत या अर्थाचें सर्वनाम एकच आहे. मराठींत तीं दोन आहेत. यजमान पाहुण्याला ‘आम्ही आतां जेवतों’ म्हणाला, तर पाहुण्यानें उठून जावें. ‘आपण आतां जेवूं’ म्हणाला, तर त्यानें पाटावर बसावें. ‘आम्ही’ हा शब्द ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो, ‘आपण’ त्याला आंत घेतो. अर्थात् ‘आपण’ म्हणण्यास समोर कोणीतरी निराळा माणूस असावा लागतो, आणि त्यानें ‘हो’ किंवा ‘नाहीं’ म्हणण्यास मोकळीक असावी लागते. झाम्यातिनच्या राज्याची सर्व लबाडी या दोन शब्दांच्या गल्लतींत आहे. तें ज्याला ‘आपण’ म्हणून मिरवितें, तें वास्तविक ‘आम्ही’ आहे; आणि त्याच्याबाहेर उभें राहून बोलण्यास कोणालाहि जागा ठेवलेली नाहीं.

आयन रँड ही लेखिका १९०५ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें जन्मली आणि १९२६ सालीं रशिया सोडून अमेरिकेस गेली. तिची ‘अँथेम’ नांवाची छोटी कादंबरी १९३८ सालीं इंग्लंडांत प्रसिद्ध झाली. तींतील समाजानें ‘मी’ हा शब्द भाषेंतूनच काढून टाकला आहे. तो उच्चारणाऱ्याला जिवंत जाळण्याची शिक्षा आहे. कथानायकाचें नांव ‘समता ७-२५२१’. हा तरुण स्वतःबद्दल बोलतांनाहि ‘आम्ही’च म्हणतो, कारण दुसरा शब्द त्याला ठाऊकच नाहीं. त्याची आवड शास्त्राची. परंतु व्यवसाय ठरविणाऱ्या मंडळानें त्याला रस्ते झाडण्याचें काम दिलें आहे. एके दिवशीं त्याला जमिनीखालीं प्राचीन काळचें एक भुयार सांपडतें. तेथें तो दोन वर्षें चोरून प्रयोग करतो. तांब्याच्या तारेला टांगलेल्या मेलेल्या बेडकाचा पाय हालतांना त्याला दिसतो, आणि त्या धाग्यावरून जातां जातां तो विजेचा दिवा तयार करतो.

तो दिवा घेऊन तो मोठ्या भक्तीनें जगांतील विद्वानांच्या परिषदेपुढें जातो. तेथील संवाद हा या कादंबरीचा सर्वांत सरस भाग आहे. विद्वान् म्हणतात, जें सर्वांना एकदम सुचलें नाहीं तें खरें असूं शकत नाहीं. जें एकट्यानें केलें तें चांगलें असूं शकत नाहीं. शिवाय या दिव्यानें मेणबत्तीखात्याचें वाटोळें होईल त्याची वाट काय? मेणबत्तीला सर्व मंडळांची संमति मिळविण्यास ५० वर्षें लागलीं होतीं. किती मेणबत्त्या लागतील तें ठरवून सगळ्या योजना पुनः आंखाव्या लागल्या होत्या. आतां हा सूर्य हातांत घेऊन आलेला झाडूवाला सर्व हिशेब मोडणार! वाचकाला येथें हंसूं येतें; परंतु ज्यानें एखाद्या कचेरींत कधीं नवी सूचना पाठविली असेल, त्याचें हंसूं लवकरच मावळतें. परिषद दिवा फोडण्याचें ठरविते, तेव्हां तो खिडकी फोडून दिव्यासह अरण्यांत पळून जातो.

‘पांचामुखीं परमेश्वर’ ही म्हण खोटी नाहीं. परंतु त्या म्हणींत मुखें पांच आहेत. पढविलेलें एकच वाक्य पांच मुखांनीं वदविलें, तर तेथें परमेश्वराऐवजीं पोपट येऊन बसतो. बेडकाच्या पायाचा खरा इतिहास पाहिला तर हें चांगलें ध्यानांत येतें. इटलींतील बोलोन्या शहरीं लुईजी गॅल्व्हानी यानें बेडकाच्या पायावर केलेले प्रयोग १७९१ सालीं प्रसिद्ध केले आणि ही वीज प्राण्याच्या अंगांतील आहे असें प्रतिपादन केलें. पाव्हियाच्या विद्यापीठांतील अलेस्सांद्रो व्होल्टा याला प्रथम तें पटलें. पुढें त्याला शंका आली. वीज बेडकाची नसून दोन निरनिराळ्या धातूंच्या संयोगाची आहे, असें तो म्हणूं लागला. दोन्ही बाजूंनीं प्रयोगावर प्रयोग झाले. आपलें म्हणणें खरें करण्यासाठीं बेडूक वगळून केवळ धातूंच्या चकत्या आणि ओले कागद एकावर एक रचून व्होल्टानें १८०० सालीं जगांतील पहिली विद्युत्‌घटमाला तयार केली. प्राण्याच्या शरीरांतहि विजेचा खेळ चालतो हें गॅल्व्हानीचें म्हणणें पुढें आपल्या परीनें खरें ठरलें. या वादांत कोणी तरी ‘सर्वानुमतें ठराव पास’ असें जाहीर केलें असतें, तर दोहोंपैकीं एक सत्य आणि ती घटमाला हीं बराच काळ अंधारांत राहिलीं असतीं.

सक्तीचें राज्य नेहमींच कांचेच्या घरांचें किंवा मेणबत्त्यांचें असतें असें नाहीं. ऑल्डस हक्सलेच्या १९३२ सालच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या कादंबरींतलें राज्य अत्यंत सुखी आणि यंत्रसंपन्न आहे. परंतु तेथील शोधखात्याच्या कपाटांत श्रम वांचविणाऱ्या हजारों योजना धूळ खात पडल्या आहेत. त्या अमलांत आणल्या तर समाजाची घडी विसकटेल, म्हणून. राज्याचा नियंता मुस्तफा माँड हा तरुणपणीं चांगला पदार्थविज्ञानवेत्ता होता. दूरच्या बेटावर जाऊन संशोधन करावें कीं येथें राहून सत्ता घ्यावी, असा पर्याय त्याच्यापुढें आला, आणि त्यानें सत्ता घेतली. जॉर्ज ऑर्वेलचा जन्म १९०३ सालचा, बिहारमधील मोतिहारीचा. त्यानें १९४६ सालीं झाम्यातिनच्या कादंबरीवर लेख लिहिला, आणि १९४९ सालीं त्याची ‘१९८४’ प्रसिद्ध झाली. तेथें पुस्तकें यंत्रानें लिहिलीं जातात आणि शेतें मात्र घोड्यांच्या नांगरानें नांगरलीं जातात. नव्या राजभाषेंत ‘विज्ञान’ या अर्थाचा शब्दच ठेवलेला नाहीं.

येथें एक रास्त आक्षेप येतो. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं पहिला कृत्रिम उपग्रह आकाशांत गेला, तो सोव्हिएट रशियाचा. थोर गणिती आणि शास्त्रज्ञहि त्या देशांत झाले. मग सक्तीनें शोध खुंटतो असें कसें म्हणावें?

याचें उत्तर त्या उपग्रहाच्या मुख्य रचनाकाराच्या चरित्रांत आहे. सर्गेई कोरोलेव्ह याला १९३८ सालीं खोट्या आरोपावरून अटक झाली. सैबेरियाच्या टोंकाला कोलिमा येथील सोन्याच्या खाणीवर त्याला धाडण्यांत आलें. तेथें तो मरतां मरतां वांचला. पुढें राज्याला विमानांची निकड भासली, तेव्हां तुपोलेव्ह या प्रसिद्ध विमानतज्ज्ञाच्या हाताखालीं, तोहि कैदीच, एका तुरुंगवजा कचेरींत त्याला काम मिळालें. उपग्रह उडाल्यावर सर्व जगानें वाहवा केली. परंतु तो कोणाच्या बुद्धीचा, हें रशियन जनतेलाहि सांगण्यांत आलें नाहीं. ‘मुख्य रचनाकार’ एवढ्याच बिरुदानें त्याचा उल्लेख होई. जानेवारी १९६६ मध्यें तो वारला तेव्हां त्याचें नांव उजेडांत आलें. झाम्यातिननें निनांवी यानकर्त्याची कथा लिहिली तेव्हां कोरोलेव्ह हा पोरवयाचा होता.

कोरोलेव्ह वांचला, कारण राज्याला त्याची गरज पडली. निकोलाय वाव्हिलोव्ह वांचला नाहीं. जगभर हिंडून धान्यांचीं बियाणीं गोळा करणारा हा श्रेष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञ. आनुवंशिकतेविषयींचें त्याचें मत राज्यकर्त्यांच्या मर्जींतील लिसेंकोच्या मताशीं जुळेना. १९४० सालीं त्याला अटक झाली आणि जानेवारी १९४३ मध्यें सारातोव्हच्या तुरुंगांत त्याचा अंत झाला. ऑगस्ट १९४८ मध्यें कृषिशास्त्राच्या अकादमीच्या अधिवेशनांत, पक्षाच्या मध्यवर्ती समितीनें मान्यता दिली आहे या आधारावर, लिसेंकोचें मत शास्त्र म्हणून जाहीर झालें. कित्येक प्राध्यापकांच्या जागा गेल्या. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्या देशांतील आनुवंशिकताशास्त्र मागें पडून राहिलें. म्हणजे सक्तीच्या राज्यांत शोध मुळींच लागत नाहींत असें नव्हे. कोणता लागावा आणि कोणी लावावा, हें राज्यकर्त्यांच्या मर्जीवर राहतें. आणि मर्जी ही प्रयोगशाळेंत तपासून पाहतां येत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. शोध तरी एकट्याचा असतो काय? व्होल्टाला गॅल्व्हानी लागला. आइन्स्टाइनला न्यूटन आणि मॅक्सवेल लागले. हें अगदीं खरें आहे, आणि या बाबतींत आयन रँडचा तोल सुटला असें म्हणणें भाग आहे. तिच्या नायकाला अरण्यांतील जुन्या घरांत ‘मी’ हा शब्द सांपडतो आणि तो त्या शब्दाची जवळ जवळ पूजा बांधतो. परंतु तो शब्द त्याला सांपडला कोठें? पूर्वजांनीं लिहिलेल्या पुस्तकांत. तार कोठें सांपडली? पूर्वजांनीं खणलेल्या भुयारांत. त्याच्या दिव्यांत ज्यांचीं नांवें पुसलीं गेलीं अशा शेंकडों माणसांचें तेल आहे. सहकार्याचा तिरस्कार करून संशोधकाला कैवार मिळत नाहीं.

मात्र या ऋणानुबंधांत आणि मंडळाच्या सक्तींत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पहिल्यांत एकजण दुसऱ्याचें घेतो, त्यांत भर घालतो, प्रसंगीं त्याला खोडून काढतो. तें करतांना दोघांचींहि नांवें आणि मतें शाबूत राहतात. हाच मराठींतील ‘आपण’. दुसऱ्यांत भर घालण्यापूर्वीं सर्वांची संमति पाहिजे आणि खोडून काढणें हा तर गुन्हाच. पांचहि बोटें सारखीं नसतात म्हणूनच मूठ वळते. सारखीं करण्यासाठीं तीं कापलीं तर मूठहि जाते आणि लेखणीहि धरतां येत नाहीं.

म्हणून या कथा वाचून झाल्यावर त्या रशियाच्या किंवा भविष्यकाळाच्या आहेत असें समजून कपाटांत ठेवूं नयेत. सभा असो, शाळा असो, मंडळ असो वा कुटुंब असो, जेथें जेथें ‘आपण सर्वांनीं ठरविलें आहे’ हें वाक्य उच्चारलें जातें, तेथें एक साधी गोष्ट पाहावी. ‘मला तसें वाटत नाहीं’ असें म्हणणारा तेथें कोणी आहे काय, आणि तें म्हणून झाल्यावर तो त्याच जागीं बसूं शकतो काय? बसूं शकत असेल तर तेथें ‘आपण’ हा शब्द शुद्ध आहे. त्याला उठावें लागत असेल, तर जातांना तो आपल्याबरोबर काय घेऊन जातो हें मागें राहिलेल्यांना बहुधा कधींच कळत नाहीं. त्यांच्याजवळ मेणबत्त्या असतात, आणि तेवढा उजेड पुरेसा आहे असा त्यांचा एकमुखी ठरावहि असतो.